बिस्तारै

चितवनच्या जंगलात आम्हाला पायी फिरवणाऱ्या माणसाला हाक काय मारायची, इथूनच माझा घोळ सुरू झाला. नेपाळीत थोरल्या भावाला ‘दाइ’ म्हणतात, आणि सौराहा गावात तर सगळेच सगळ्यांना दाइ म्हणतात. माझ्या जिभेवर तो शब्द आला की डोळ्यांपुढे नऊवारीतली, ‘पाणी तापवा’ म्हणून ओरडणारी एक बाई उभी राहायची. पहिला दिवस मी ‘भैया’ आणि ‘सुनिए’वर काढला. त्याने मात्र भेटल्या भेटल्या मला दाइ आणि बायकोला ‘भाउजू’ करून टाकलं. भाउजू म्हणजे भावजय. बायको खूश. म्हणाली, ‘‘बघ, माहेर-सासर सोडून इतक्या लांब आले तर इथे दीर निघाला.’’

नेपाळी भाषा मराठी माणसाला अशी मधूनमधून चकवते. पाट्या देवनागरीत, त्यामुळे सगळं वाचता येतं आणि काही कळत नाही. मग अचानक एखादा शब्द ओळखीचं हसतो. जेवायला ‘चिउरा’ मागवावा तर ताटात पोहे येतात, कोरडे, फोडणीशिवाय. ‘हेर्नुस्’ म्हणजे बघा. आपण नुसतं बघतो आणि पाळत ठेवायची असेल तेव्हाच हेरतो. त्या चार दिवसांत असे पाच-सहा शब्द जमले. त्यातला एक अजून डोक्यातून जात नाही, त्याच्याकडे येतोच.

आम्ही गेलो फेब्रुवारीच्या शेवटी. गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग सोनौलीची सीमा, पलीकडे भैरहवा, तिथून बस. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं आणि गुडघे आखडले, याहून या प्रवासावर लिहिण्यासारखं काही नाही.

जंगल मला नवीन नव्हतं, असा माझा समज होता. ताडोबा सहा-सात वेळा, पेंच, नागझिरा. पण ती सगळी ओळख जिप्सीच्या सीटवरून झालेली. ताडोबात जिप्सीतून पाय खाली टाकायचा नाही हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे काय होतं, की एका वळणावर पंधरा गाड्या, सगळ्यांचे कॅमेरे एकाच झुडपाकडे. वाघ दिसला की ‘झालं’, नाही दिसला की ‘पैसे गेले’. मधलं चार तासांचं जंगल हिशेबातच धरायचं नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही ‘झालं’ म्हणणाऱ्यांतलाच.

चितवनला उद्यानाच्या आत पायी जाता येतं. परवाना काढायचा (सार्क देशांतल्या लोकांना दर वेगळा असतो) आणि सोबत दोन वाटाडे घ्यायचे, एक पुढे, एक मागे. बंदूक कोणाकडेच नाही. दोघांच्या हातात एकेक काठी, बस्स. काठी पाहून मला वाटलं, चढाला टेकायला असेल. आमच्या वाटेवर दिवसभरात एकही चढ लागला नाही.

सकाळी सहाला राप्ती नदीवर इतकं धुकं होतं की पलीकडचं जंगल आहे की नाही ते सांगता येत नव्हतं. डुंग्यात बसलो. डुंगा म्हणजे झाडाचं अख्खं खोड कोरून केलेली होडी, एका माणसापुरती रुंद. एकामागे एक बसायचं, आणि पाणी काठाच्या चार बोटं खाली. अंग खाजवावंसं वाटलं तरी आधी विचार करावा लागतो. वाळूच्या बेटावर एक मगर जबडा उघडून पडली होती, कोणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखी. पुढे दोन भगव्या बदकांची जोडी. ‘‘चक्रवाक,’’ मागून बायको पुटपुटली. संस्कृतच्या तासाला ज्यांच्या रात्रीच्या ताटातुटीवर आम्ही अन्वय लावले, ते हे. भिगवणलाही हिवाळ्यात येतात म्हणे, पण मला ते पन्नाशी ओलांडल्यावर राप्तीत भेटले. विरहाचा मागमूस नाही. चांगले जाडजूड, खाऊनपिऊन सुखी.

पलीकडे उतरलो आणि दाइने आम्हाला कवायतीच्या तासासारखं समोर उभं केलं. इथून पुढे मोबाइल बंद, बोलणं बंद, आणि आता नीट ऐका.

गेंडा आला तर झाडावर चढायचं, निदान माणूसभर उंच. चढता येत नसेल तर जाड बुंध्याआड व्हायचं. तेही नसेल तर पळायचं, पण नागमोडी, आणि पळता पळता टोपी किंवा पिशवी टाकायची, म्हणजे तो हुंगायला थांबतो. गेंड्याची नजर अधू, पण नाक आणि कान तिखट. अस्वल आलं तर अजिबात पळायचं नाही. सगळ्यांनी एकमेकांना चिकटून उभं राहायचं, काठ्या जमिनीवर आपटायच्या, ओरडायचं. वाघ आला तर पाठ दाखवायची नाही, त्याच्याकडे बघत बघत एकेक पाऊल मागे.

‘‘और हाथी?’’ मी विचारलं.

‘‘हाथी आया तो भागो,’’ दाइ म्हणाला. तोवर तो नेपाळी-हिंदी मिसळून बोलत होता. हे मात्र शुद्ध हिंदीत, समजण्यात चूक नको म्हणून.

मग त्याने ध्रुवेबद्दल सांगितलं. हा चितवनचा एक रानटी सुळेवाला. डझनाहून जास्त माणसं त्याच्या नावावर आहेत. २०१२ साली त्याला ठार मारण्याचा हुकूम निघाला, सैन्य मागावर गेलं, गोळ्या झाडल्या, आणि हा नाहीसा झाला. काही काळाने पुन्हा दिसायला लागला. पाळीव हत्तिणींसाठी तो छावण्यांवर यायचा, आणि त्याची पिल्लं सरकारी हत्तींत आहेत. हे सांगताना दाइचा आवाज खाली आला. जवळ असेल म्हणून नव्हे. आमच्याकडे रात्री सापाचं नाव न घेता ‘लांबडं’ म्हणतात, त्या जातीचा तो आवाज होता.

माझ्यापुढचा प्रश्न साधा होता. ऐनवेळी कुठला नियम कुठल्या प्राण्याचा, हे आठवायचं कसं? अस्वलाचा नियम हत्तीला लावला तर संपलंच. बायकोने त्याहून कामाचा प्रश्न विचारला. झाडावर चढायचं म्हणजे कुठल्या?

‘‘रुख?’’ दाइ म्हणाला. बायको पेडण्याची. कोकणीत झाडाला रूखच म्हणतात. ती एकदम फुलली. दाइने सांगितलं, मी दाखवत जाईन. आणि खरंच, दिवसभर दर पन्नासेक पावलांवर तो काठीचं टोक एखाद्या खोडाला हलकेच लावायचा आणि मागे वळून आमच्याकडे बघायचा. हे तुमचं झाड. पुढचं येईपर्यंत हे लक्षात ठेवा. बायकोचं लहानपण काजूच्या झाडांवर गेलेलं, ती प्रत्येक झाडाकडे वर बघून पहिली फांदी कुठे आहे ते ठरवत होती. मी सदाशिव पेठेत वाढलो. आमच्याकडे जिने चढतात.

चालायला लागलो. पहिल्या दहा मिनिटांत दाइ तीनदा थांबला, कान दिला, पुन्हा निघाला. चौथ्यांदा मागे वळला आणि माझी बाही दोन बोटांत धरली. हिरवट विंडचिटर, खास या सहलीसाठी घेतलेला. लाल-पांढरं घालू नका म्हणून आदल्या दिवशी रंग त्याने पाहून पास केला होता. आवाज कोणीच तपासला नव्हता. हात पुढे-मागे झाला की काखेत चर्र, चर्र. तोवर तो मला ऐकूच येत नव्हता आणि त्यानंतर दुसरं काही ऐकू येईना. काढून कमरेला बांधला, तर तिथेही चर्र. शेवटी तो मागच्या वाटाड्याच्या पिशवीत गेला आणि मी धुक्यात सुती शर्टावर कुडकुडत चालू लागलो.

‘‘बिस्तारै, दाइ,’’ तो म्हणाला. ‘‘बिस्तारै.’’

हाच तो शब्द. नेपाळीत बिस्तारै म्हणजे हळू. बसचा कंडक्टर उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना म्हणतो, आई धावत्या पोराला म्हणते. मूळ आपलाच विस्तार. आमच्याकडे तो बोलण्यात आणि लिहिण्यात राहिला, त्यांच्याकडे पायांत उतरला. मला ऐकू आलं ते असं, की सविस्तर चाला. आणि खरं सांगायचं तर मला तसं चालता येत नव्हतं. पुण्यात मी रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो. ते थोडक्यात चालतो.

सविस्तर चालणं म्हणजे काय ते दाइच्या पायांकडे बघून थोडंफार कळलं. सालवृक्षाची मोठाली वाळकी पानं वाटेवर पडलेली. पाऊल सरळ टाकलं की पापड मोडल्यासारखी वाजतात. तो पाय बाहेरच्या कडेवर टेकायचा, मग आत वळवायचा, मग त्यावर भार. पान दबायचं, मोडायचं नाही. भार देण्यापूर्वी पाय काढून घेता येईल असं प्रत्येक पाऊल. मी त्याच्या पावलावर पाऊल टाकत होतो. हा वाक्प्रचार आयुष्यभर वापरला, पण त्यासाठी दुसऱ्याच्या ढांगेचं माप लागतं हे तेव्हा समजलं. त्याची ढांग माझ्याहून लहान होती, आणि त्यात चालणं फार कठीण गेलं. तो उभाही खूप राहायचा. पहिल्या दोन तासांत आम्ही दीड-दोन किलोमीटर गेलो असू, त्यातला अर्धा वेळ नुसते उभे. उभं राहिल्यावर तो काहीच करत नसे, तोंड किंचित उघडं ठेवायचा फक्त. तसं केल्याने जास्त ऐकू येतं, असं त्याने नंतर सांगितलं. करून पाहा, काहीतरी फरक पडतो खरा.

साल संपून नदीकाठचं मिश्र जंगल सुरू झालं, सावरी लाल फुलांनी भरलेल्या. त्याला तिकडे सिमल म्हणतात. वाटेतच गेंड्याचा उकिरडा लागला. उकिरडा हाच शब्द बरोबर आहे, कारण गेंडा कुठेही घाण करत फिरत नाही. ठरलेल्या जागा असतात, आणि तिथे एकटा नव्हे, आसपासचे सगळे गेंडे येऊन जातात. कमरेएवढा ढीग, खालचा थर वाळून भुसा झालेला, वरचा ओला आणि काळसर हिरवा. दाइने उकिडवं बसून तळहाताची उलटी बाजू ढिगाच्या वर धरली, ताप बघतात तशी. ‘‘आज सकाळचं.’’ मग काठीने खालच्या थरातली रोपं दाखवली. भेल्लर नावाचं झाड आहे, त्याची फळं गेंडा पावसाळ्यात खातो आणि बिया अशा उकिरड्यावर आणून टाकतो. नदीकाठच्या गवतात ती भेल्लरची जी बेटं उभी दिसतात, त्यातली कित्येक गेंड्याची लागवड. मला आमच्या सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्याची आठवण झाली, ज्यावरून तीन सभा झाल्या आणि ज्यातून अजून काही उगवलेलं नाही.

पुढे गवत. चितवनचं गवत दोन माणसं उंच वाढतं, हत्ती त्यात बुडतो. हिवाळ्यात मोजके दिवस आसपासच्या गावांना आत येऊन ते कापायची मुभा असते, छपराला आणि भिंतींच्या कुडाला. मग उरलेलं जाळतात आणि काळ्या राखेतून पोपटी कोंब येतात. आम्ही गेलो तेव्हा काही पट्टे जळालेले, काही तसेच उभे. जळालेल्या पट्ट्यात लांबवर चितळं चरत होती. तिथे थांबून दाइने पूर्वेला हात केला. तिकडे पदमपूर होतं. अख्खं गाव उद्यानाच्या आत होतं. भातशेती होती. ते उठवून उद्यानाबाहेर वसवलं, आणि आता त्या शेतांवर गवत आहे. गेंडे तिथे भरपूर. त्याची एक आत्या त्या गावात दिलेली होती. तो बोलता बोलता हसला: ‘‘आता तिच्या अंगणात गेंडा राहतो.’’ हसण्यासारखं होतं का ते, मला ठरवता आलं नाही. मी हसलो.

हे जंगल वाचलं कसं, याची गोष्ट सरळ नाही. आधी हे राजेरजवाड्यांचं शिकारीचं रान. १९११च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला आला, तेव्हा दहाएक दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले. हा तोच दौरा, ज्याची आठवण म्हणून आपण अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडिया बांधलं. लहानपणापासून त्या कमानीखाली फोटो काढले, कबुतरांना दाणे टाकले. त्या बोटीतून उतरलेला माणूस पुढे इथवर आला होता हे माहीत नव्हतं. एवढ्या शिकारी होऊनही रान टिकलं, कारण मलेरिया. बाहेरचा माणूस इथे वस्ती करून जगत नसे. थारू लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. १९५०च्या दशकात डीडीटीची फवारणी झाली, डास हटले, डोंगरातून माणसं उतरली, रानाची शेतं झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस चितवनमध्ये शंभराच्या आसपास गेंडे उरले. १९७३ साली उद्यान झालं, नेपाळमधलं पहिलं. पुढे पहाऱ्याला सैन्य आलं. २००० साली चितवनमध्ये ५४४ गेंडे मोजले होते. मग माओवादी बंडाच्या काळात चौक्या कमी झाल्या, चोरट्या शिकारी वाढल्या आणि २००५च्या मोजणीत ३७२ भरले. २०२१ला ६९४. एवढा चढउतार कशासाठी, तर नाकावरच्या शिंगासाठी, जे आपल्या नखांच्याच द्रव्याचं असतं.

दाइला हे आकडे पाठ होते. पण सांगताना तो आकड्यांवर थांबला नाही, भातावर थांबला. गेंडे वाढले म्हणजे रात्री शेतात येणारे गेंडे वाढले. तो लहान असताना बापाबरोबर माळ्यावर जागल करायचा, पत्र्याचा डबा आणि टेंभा घेऊन. उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के हिस्सा भोवतालच्या गावांना देण्याचा कायदा आहे, त्यातून कुंपणं झाली, शाळा झाल्या. ‘‘चांगलं आहे,’’ तो म्हणाला. मग थोडं थांबून, ‘‘पण गेंड्याला कायदा वाचता येत नाही.’’

एका वारुळापाशी त्याने आम्हाला जवळ जवळ यायला लावलं. वारुळाला कडेने मूठभर रुंदीची खोल भोकं पाडलेली. अस्वलाचं काम. भोकात तोंड घालून ते वाळवी आत ओढतं, पंप लावल्यासारखी. आवाज म्हणे शंभर पावलांवरून ऐकू येतो. माती ओली होती. दाइ आणि मागचा वाटाड्या एकमेकांकडे बघून काहीच बोलले नाहीत, आणि आम्ही तिथून वाट बदलली. जिप्सीतला गाइड अशा वेळी गाडी तिकडे वळवतो. पायी नेणाऱ्याची हुशारी जनावर दाखवण्यात कमी आणि जनावराला आपली चाहूल नको त्या अंतरावर लागू न देण्यात जास्त.

वाघही आम्हाला असाच भेटला, म्हणजे भेटला नाही. एका ओढ्याच्या काठी ओल्या वाळूत पंजा उमटला होता. दाइने खुणेने खाली वाकायला सांगितलं. पंजाच्या खळग्यात पाणी झिरपत होतं. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. आमच्या डोळ्यांदेखत एक वाळूचा कण सुटला आणि आत घरंगळला. इतकंच. २०२२ला चितवनमध्ये १२८ वाघ मोजले गेले, त्यातला हा एक, आणि त्याचं काल-परवाचं नव्हे तर आत्ताचं पाऊल. पलीकडच्या झाडीत वानर खोकलं. ताडोबात हा आवाज आला की सगळ्या गाड्या स्टार्ट होतात. इथे चौघे जण वाकलेल्या अवस्थेतच थिजलो. वाघ दिसावा असं मला वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

अकराच्या सुमाराला धुकं गेलं आणि वारा पडला. आम्ही उभ्या गवताच्या कडेने चाललो होतो. दाइची मूठ वर गेली. थांबलो. आधी फक्त आवाज. चर्र… फट्. चर्र… फट्. गोठ्यात रात्री गाय कडबा ओढते तसा. मग दीर्घ फुसकारा. मग पुन्हा चर्र… फट्. माझा हात आपोआप काखेकडे गेला, विंडचिटर वाजतोय की काय म्हणून.

गवत हललं आणि त्यातून एक कान बाहेर आला. कडेला केसांची झालर असलेला, टाचलेल्या चामड्यासारखा कान. तो एकटाच आमच्याकडे वळला. दुसरा अजून दुसरीकडेच होता. मग पाठीची घडी दिसली, त्यावर एक साळुंकी. आपण म्हणतो गेंड्याची कातडी, म्हणजे काही न लागणारी. पण घड्यांच्या आतल्या बाजूला ती कातडी गुलाबी होती, ओलसर, तान्ह्या मुलाच्या मांडीतल्या वळीसारखी. अंतर वीस पावलं. माझी नव्हे, दाइची पावलं. आणि तिच्या मागच्या पायांशी आणखी काहीतरी हललं. पिल्लू.

दाइने काठी न हलवता डोळ्यांनीच झाड दाखवलं. मी वळेपर्यंत बायको पहिल्या फांदीवर होती. सत्तावन्न वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा बांधलेली, आवाज न करता कशी चढली मला अजून उमगलेलं नाही. मी बुंध्याआड गेलो आणि खोडाला छाती लावून उभा राहिलो. लगेच कळलं की तिथे हुमल्यांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची, रांग आहे. त्या मनगटावरून बाहीत शिरल्या. आणि एकामागून एक चावायला लागल्या.

वारा फिरला असावा, कारण ओढण्याचा आवाज थांबला. तिने मान उचलली. दोन्ही कान आता आमच्याकडे. तिला दिसत काहीच नव्हतं, हे तिच्या डोळ्यांवरून समजत होतं. ती आम्हाला ऐकत होती. एवढं लक्ष देऊन मला आजवर कोणी ऐकलं नसेल, आणि मी तर चकार शब्द काढत नव्हतो. दंडावर हुमले. वर फांदीवरून बायकोच्या चपलेची माती माझ्या डोक्यावर पडत होती. किती वेळ? मागचा वाटाड्या म्हणतो दोन मिनिटं. मग ती जोरात फुत्कारली, गर्रकन वळली आणि गवत फाडत पलीकडे निघून गेली, पिल्लू मागोमाग. जमिनीतून तिची पावलं काही वेळ तळव्यांना लागत राहिली. साळुंकी उडून आमच्याच झाडावर येऊन बसली, बायकोच्या वरच्या फांदीवर.

लोक विचारतात, भीती वाटली का. वाटली, पण भीतीच्या आपल्याकडे जाती फार. धास्ती असते, धडकी असते, धाक असतो. मला जे वाटलं ते भिडेच्या जवळचं होतं. परक्या घरी न सांगता गेलोय, ओसरीवर बसलोय, आणि आतून कोणीतरी बाहेर यायची चाहूल लागते. आपण उगाच खुर्चीच्या कडेला सरकतो, तसं. घरमालकीण आली, पाहुणे पसंत पडले नाहीत, आत निघून गेली. तिच्याजागी मीही तेच केलं असतं.

बायको उतरायला मात्र दहा मिनिटं लागली. चढताना आठवलं ते उतरताना आठवेना. दाइने खाली खांदा दिला आणि ‘‘बिस्तारै, भाउजू, बिस्तारै’’ करत एकेक पाय ठेवायला जागा सांगितली. खाली आल्यावर तिने माझा दंड बघितला, लाल गांध्या उठल्या होत्या, आणि म्हणाली, ‘‘हुमले? ओरडला नाहीस?’’ तिच्या सुरात कौतुक होतं. तीस वर्षांच्या संसारात गप्प बसल्याबद्दल झालेलं हे पहिलं कौतुक.

दुपारनंतरचं फारसं काही नाही. एका मचाणावर बसून चिउरा आणि बटाट्याची भाजी खाल्ली. मी दाइला विचारलं, तुला कधी झाडावर चढावं लागलं? तो म्हणाला, एकदा, दोन तास. गेंडा खाली झोपला होता. ‘‘मग?’’ मग काय, त्याची झोप झाल्यावर तो गेला. संध्याकाळी पुन्हा डुंगा, पुन्हा चार बोटं पाणी. दिवसभरात बारा-तेरा किलोमीटर झाले असतील. मोबाइल चालू केला तर त्याने पावलांचा आकडा दाखवून अभिनंदन केलं.

रात्री जेवून आम्ही सौराहाच्या मुख्य रस्त्याने हॉटेलकडे परतत होतो. दुकानं, दिवे, मोमोंच्या गाड्या, कुठेतरी हिंदी गाणं. पुढे एक स्कूटरवाला पोरगा अचानक थांबला, इंजिन बंद केलं, दिवा बंद केला. शालींच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढलं. कोणी ओरडलं नाही, पळालं नाही. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या दिव्यांच्या उजेडात, एक गेंडा नदीच्या दिशेहून येत होता. एकटा, घाई नाही, भाजी आणायला निघालेल्या पेन्शनरासारखा. असा तो इथे अधूनमधून येतो, हे आम्हाला नंतर सांगण्यात आलं.

‘‘बिस्तारै,’’ बायको कुजबुजली आणि माझी बाही धरून मला मागे ओढलं.

मी रूख शोधला. जवळ होता तो विजेचा खांब.